हिरवा दिवा काय सांगत नाही?

प्रकाशतंतूचा पाठ आपणांपैकी बहुतेकांनी कधी ना कधी शिकवलेला किंवा शिकलेला असतो. काचेच्या एका लांब तंतूची आकृती, तिच्या आत या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत जाणारा किरण, आणि खाली ओळखीचे विधान : पूर्ण आंतरिक परावर्तनामुळे प्रकाश तंतूबाहेर पडू शकत नाही, म्हणून संदेश न घटता दूरवर पोहोचतो. लोकप्रिय लेखांत याला आणखी दोन विधाने जोडलेली असतात. एक, बाहेरच्या विद्युत-चुंबकीय उपद्रवाचा प्रकाशतंतूवर परिणाम होत नाही. दोन, अंतर फारच मोठे असेल तर मध्ये रिपीटर बसवतात, आणि तो मंद झालेला संदेश पुन्हा मोठा करतो.

वर्गातला एखादा चौकस विद्यार्थी इथे हात वर करतो. प्रकाश बाहेर पडतच नसेल, तर संदेश मंद होतो कशाने? आणि मंद होत नसेल, तर रिपीटर हवा कशाला?

हा प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचे उत्तर आपल्या नेहमीच्या स्पष्टीकरणात नाही, असे आमचे मत आहे. ही केवळ कागदावरची उणीव असती, तर आम्ही तिच्यावर लेख लिहिला नसता. परंतु तेच अर्धे चित्र डोक्यात घेऊन माणसे प्रत्यक्ष कामाला लागतात, तेव्हा काय घडते हे आम्ही जवळून पाहिले आहे.

एका कारखान्यातील अनुभव

काही वर्षांपूर्वी एका साखर कारखान्यातील अभियंत्याने आम्हांला बोलावले. कारखान्यापासून २ किलोमीटर अंतरावर नदीकाठी जॅकवेल होती. तिथले पंप, झडपा आणि पाण्याची पातळी यांची माहिती नियंत्रण कक्षात आणण्यासाठी प्रकाशतंतू टाकलेला होता. तांब्याची तार का नाही, याचे उत्तर सरळ आहे. कारखान्यात वापरात असलेल्या एका प्रचलित औद्योगिक जाळ्यात सेकंदाला १५ लाख बिट या वेगाने तांब्याच्या तारेचा एक तुकडा फक्त २०० मीटर जाऊ शकतो. शिवाय मोठ्या मोटारींच्या वेगनियंत्रकांचा विद्युत गोंगाट, कारखाना आणि जॅकवेल यांच्या जमिनीच्या विभवांतील फरक, आणि पावसाळ्यात पडणाऱ्या विजा. काचेतून विद्युतप्रवाह वाहत नाही, त्यामुळे हे तिन्ही प्रश्न एकदम मिटतात. पाठ्यपुस्तकातले ते विधान इथे पूर्णपणे खरे आहे.

उभारणीच्या वेळी संदेश जॅकवेलपर्यंत पोहोचेना. काम करणाऱ्या मंडळींनी वाटेत, उसाच्या गाड्या तोलण्याच्या काट्यावर, एक रिपीटर बसवला. सगळीकडे हिरवे दिवे लागले. काम पूर्ण झाल्याच्या अहवालात एकच रकाना होता, ‘दिवा लागला की नाही’. तिथे ‘होय’ लिहिले गेले आणि प्रकरण संपले.

गळीत हंगाम सुरू झाल्यावर जॅकवेलवरची यंत्रे दिवसातून अनेकदा क्षणभर ‘नाहीशी’ होऊ लागली. आम्ही गेलो तेव्हाही दिवे हिरवेच होते. आम्ही फक्त एवढेच केले, की मोजले. कारखाना ते काटा या १.२ किलोमीटरच्या टप्प्यात ४.९ डेसिबल घट होती, हिशेबाने ४.६ अपेक्षित होती. काटा ते जॅकवेल या ८०० मीटरच्या टप्प्यात अपेक्षित घट ३.४ डेसिबल, प्रत्यक्षात निघाली ११. काट्यावरच्या पेटीतील एका जोडणीच्या टोकावर धूळ आणि बगॅसचा बारीक भुसा बसला होता. जॅकवेलच्या पेटीत तंतूचे वेटोळे झाकणाखाली दाबले जाऊन नको तेवढे वाकले होते. टोक स्वच्छ केले, वेटोळे मोकळे केले, आणि तीच घट ३.७ डेसिबलवर आली. मग आम्ही रिपीटर काढूनच टाकला. त्याची मुळात गरज नव्हती.

म्हणजे रिपीटरने दोष दुरुस्त केला नव्हता, झाकला होता. हे समजण्यासाठी आपल्या नेहमीच्या स्पष्टीकरणातील तीन गाळलेल्या जागा भराव्या लागतात.

परावर्तन ही सोपी बाजू

पहिली जागा काचेची. पूर्ण आंतरिक परावर्तनाने प्रकाश वाट सोडत नाही हे एकोणिसाव्या शतकातच ठाऊक होते. जिनिव्हाचे दानिएल कोलादाँ यांनी १८४०च्या सुमारास पाण्याच्या वाकड्या धारेतून प्रकाश नेऊन दाखवला होता. १९५४ साली नरिंदरसिंग कपानी आणि हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेण्याचे काम प्रसिद्ध केले. तरीही प्रकाशतंतूवरून दूरचे संदेशवहन सुरू झाले नाही. कारण प्रकाश भिंतीतून निसटत नसला, तरी वाटेतल्या काचेतच संपत होता.

त्या काळच्या तंतूंत घट किलोमीटरला सुमारे १,००० डेसिबल होती. १९६६ साली चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवून दिले, की हा काचेचा मूळ स्वभाव नसून तिच्यातील अशुद्धींचा परिणाम आहे, आणि घट २० डेसिबलपर्यंत उतरली तर संदेशवहन शक्य होईल. १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीत रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्झ यांनी ती मर्यादा ओलांडली. काओ यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते या कामासाठी.

आपला पाठ मात्र परावर्तनाशी थांबतो. जी अडचण कधी नव्हतीच तिचे उत्तर तो तपशिलाने देतो आणि जी खरी होती तिचा उल्लेखही करत नाही. आजच्या उत्तम काचेतही प्रकाश घटतो. काच घट्ट होताना तिच्या घनतेत जे सूक्ष्म चढउतार गोठून राहतात, त्यांच्यावरून प्रकाश विखुरतो. आकाश निळे दिसते त्या विखुरण्याचाच हा प्रकार. लघु तरंगलांबीचा प्रकाश जास्त विखुरतो, म्हणून दूरच्या संदेशवहनासाठी डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश वापरतात. १५५० नॅनोमीटरला चांगल्या तंतूत घट किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल असते. कारखान्यातल्या ६२.५ मायक्रॉन गाभ्याच्या तंतूत ८५० नॅनोमीटरला ती सुमारे ३ डेसिबल असते, तर प्लॅस्टिकच्या तंतूत तांबड्या प्रकाशाला किलोमीटरमागे दीडशेच्या वर. म्हणूनच प्लॅस्टिकचा तंतू एकाच दालनातल्या दोन यंत्रांपुरता ठीक, जॅकवेलपर्यंत नव्हे.

आणि परावर्तन तरी ‘पूर्ण’ केव्हा? आपाती कोन क्रांतिक कोनापेक्षा मोठा असेल तेव्हा. तंतू तीव्रपणे वाकवला की काही किरणांसाठी ही अट मोडते आणि प्रकाश आवरणातून बाहेर जातो. झाकणाखाली दबलेल्या वेटोळ्यात नेमके हेच झाले होते. ही अट आकृतीशेजारी छापलेली असते. तंतू वाकवल्यावर तिचे काय होते, हे आपण विचारत नाही.

डेसिबलचा हिशेब

दुसरी जागा मापनाची. डेसिबल म्हणजे आवाजाची तीव्रता मोजण्याचे एकक, एवढेच आपण शिकवतो. खरे तर डेसिबल हे कोणत्याही दोन शक्तींचे गुणोत्तर सांगण्याची रीत आहे. गुणोत्तराचा लॉगरिथम घ्या आणि १० ने गुणा. शक्ती निम्मी झाली तर घट ३ डेसिबल, दहावा हिस्सा उरला तर १० डेसिबल, शंभरावा उरला तर २० डेसिबल. लॉगरिथममुळे गुणाकाराची बेरीज होते. वाटेतल्या सगळ्या घटी नुसत्या एकाखाली एक मांडून बेरीज करायची, की हिशेब तयार!

जॅकवेलचा हिशेब असा. २ किलोमीटर तंतू, किलोमीटरला ३ प्रमाणे ६ डेसिबल. चार जोडण्या, प्रत्येकी अर्धा डेसिबल धरून २. एकूण ८. पुढे यंत्रे जुनी होणे, एखादी दुरुस्ती, थोडी धूळ यांसाठी ३ डेसिबल राखीव ठेवू. झाले ११. पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या यंत्रांची जोडी १३ डेसिबल घट सोसू शकत होती, म्हणजे पाठवलेल्या प्रकाशाचा विसावा हिस्सा पोहोचला तरी चालणार होते. अर्थात रिपीटरशिवाय काम व्हायलाच हवे होते. ते होत नाही म्हटल्यावर विचारायचा प्रश्न ‘रिपीटर कुठे बसवू?’ हा नव्हता, तर ‘जास्तीचा प्रकाश कुठे जातो आहे?’ हा होता. हा प्रश्न सुचण्यासाठी ८ हा आकडा आधी हातात असावा लागतो. ज्याने घट शून्य असते असेच शिकले आहे, त्याला तो कसा सुचावा?

रिपीटर नेमके काय करतो?

तिसरी जागा रिपीटरची, आणि आमच्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. ‘मंद झालेला संदेश मोठा करतो’ हे वर्णन प्रवर्धकाला लागू पडते. प्रवर्धक संदेश मोठा करतो आणि त्याबरोबर आलेला गोंगाटही. १९८७ साली पुढे आलेला एर्बियमयुक्त तंतूचा प्रवर्धक असाच, प्रकाशाचे विजेत रूपांतर न करता त्याला मोठा करतो. समुद्रतळावरच्या लांब तारांत तो वापरतात.

कारखान्यातला रिपीटर वेगळे काम करतो. आलेल्या प्रकाशाचे तो विद्युत संकेतात रूपांतर करतो, त्याची ठरावीक उंबरठ्याशी तुलना करतो आणि निर्णय घेतो, हा ‘१’ की ‘०’. मग त्या निर्णयाप्रमाणे अगदी नवा, ठसठशीत संकेत पुढे पाठवतो.

वर्गात हा फरक दाखवणे सोपे आहे. दहा विद्यार्थ्यांना ओळीत बसवा. पहिल्याने एक नागमोडी रेघ काढावी, दुसऱ्याने ती पाहून आपल्या कागदावर उतरवावी, तिसऱ्याने दुसऱ्याची. दहाव्या कागदावरची रेघ मूळ रेघेशी क्वचितच जुळेल. आता त्याच रांगेतून शून्य-एकची वीस अंकांची माळ पाठवा. अक्षर कितीही किरटे असले, तरी वाचता येत असेल तर दहावा कागद पहिल्यासारखाच असेल. हे रिपीटरचे सामर्थ्य. आता पाचव्याला मुद्दाम पुसट कागद द्या. तो एखाद्या ‘१’चा ‘०’ वाचेल, आणि सुवाच्य अक्षरात ‘०’ लिहून पुढे देईल. सहाव्यापासून दहाव्यापर्यंत कोणालाही शंका येणार नाही. हा रिपीटरचा धोका.

रिपीटर चूकसुद्धा स्वच्छ अक्षरात लिहितो. पुढच्या टप्प्यात पोहोचणारा संकेत मागच्या टप्प्याच्या प्रकृतीविषयी काहीच सांगत नाही. त्यामुळे रिपीटर बसवलेल्या जाळ्याची परीक्षा दोन टोकांना उभे राहून होत नाही. प्रत्येक टप्पा वेगळा तपासावा लागतो.

दोन डेसिबलची दरी

दिवा हिरवा आणि काम चालू, मग घट थोडी जास्त असली तर बिघडले कोठे, असे कोणीही विचारील. त्याचे उत्तर सांख्यिकीत आहे. घेणाऱ्या यंत्राचा स्वतःचा गोंगाट असतो आणि तो साधारणपणे प्रसामान्य वितरणाप्रमाणे वागतो. संकेताची पातळी उंबरठ्यापासून किती दूर आहे हे आपण गोंगाटाच्या प्रमाण विचलनाच्या पटीत मोजू. गोंगाटाची एखादी उसळी हे अंतर ओलांडून गेली की चूक होते. सेकंदाला १५ लाख बिट अखंड जात आहेत असे धरून मांडलेला हिशेब असा :

अंतर ८ पट : सरासरी ३४ वर्षांत एक चूक
अंतर ७ पट : सुमारे ६ दिवसांत एक चूक
अंतर ६ पट : सुमारे ११ मिनिटांत एक चूक
अंतर ५ पट : सुमारे अडीच सेकंदांत एक चूक
अंतर ३ पट : दर सेकंदाला सुमारे २,००० चुका

आता ८ पटींवरून ५ पटींवर येण्यास प्रकाश किती घटावा लागतो? पाच अष्टमांश उरावा, म्हणजे घट फक्त २ डेसिबल. चौतीस वर्षे आणि अडीच सेकंद यांच्यामध्ये एवढीच दरी आहे. एक मळकट जोडणी ती सहज ओलांडू शकते. दुपारच्या उन्हाने पेटी तापली, भरलेली गाडी काट्यावर चढताना जमीन हादरली, की काठावर उभे असलेले जाळे पलीकडे पडते आणि क्षणात परत येते. डोळ्याला दिवा हिरवाच दिसत राहतो, कारण तो ‘प्रकाश येतो आहे’ एवढेच सांगतो. ‘किती शिल्लक आहे’ हे तो सांगत नाही.

काठावर उत्तीर्ण झालेल्या मुलाच्या आणि विषय समजलेल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर एकच शेरा असतो, हे शिक्षकांना आम्ही काय सांगावे!

चाचणी म्हणजे काय?

यावरून चांगल्या चाचणीचे स्वरूप आपोआप ठरते. आधी कागदावर अपेक्षित घट काढायची. मग प्रत्येक जोडणीचे टोक सूक्ष्मदर्शकाने पाहायचे आणि स्वच्छ करायचे. हे काम कंटाळवाणे वाटते, पण निम्मे दोष इथेच सापडावेत, असा आमचा अनुभव आहे. नंतर स्थिर प्रकाशस्रोत आणि पॉवर मीटर आखूड तंतूने जोडून संदर्भाचे वाचन घ्यायचे, मग मध्ये प्रत्यक्ष टप्पा घालून पुन्हा वाचन. दोहोंतील फरक म्हणजे घट. तरंगलांबी यंत्रे वापरतात तीच हवी, आणि मोजमाप दोन्ही दिशांनी. अपेक्षेपेक्षा घट जास्त निघाली तर दोषाची जागा शोधण्यासाठी तंतूत प्रकाशाचा स्पंद सोडून परत येणाऱ्या क्षीण प्रकाशाची वेळ मोजणारे उपकरण मिळते. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. स्पंद ८ मायक्रोसेकंदांनी परतला तर दोष ८०० मीटरवर. विहिरीत दगड टाकून खोली अजमावण्यासारखाच हा प्रकार आहे.

उलटा दोषही संभवतो. टप्पा फारच आखूड असेल तर जादा प्रकाशाने घेणारे यंत्र दिपून जाते आणि मुद्दाम घट करणारा तुकडा घालावा लागतो. वेळेचा हिशेबही करावा लागतो. १० किलोमीटर जाऊन-येऊन प्रकाशाला १०० मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्यात आपल्या वेगाने १५० बिट निघून जातात. प्रत्येक रिपीटर त्यात आपली थोडी भर घालतो. मुख्य यंत्राला उत्तराची वाट किती पाहायची हे नीट सांगितले नसेल, तर दूरचे निरोगी यंत्रही ते गैरहजर ठरवते. आणि शेवटची गोष्ट, काच विजेच्या उपद्रवापासून मुक्त असली तरी रिपीटर विजेवरच चालतो. काट्यावरची वीज गेली की जॅकवेल गेली. उपद्रवमुक्तीचे ते विधान तंतूबद्दल खरे आहे, संपूर्ण जाळ्याबद्दल नाही.

या सगळ्यांत जोडणाऱ्या कामगारांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्यांच्या हाती दिलेल्या अहवालात आकड्यासाठी जागाच नव्हती. काही रिपीटरांवर साधा व्होल्टमीटर लावून येणाऱ्या प्रकाशाची पातळी पाहण्याची सोय असते. ती पाहावी असे वाटण्यासाठी पातळी हा विचार मनात असावा लागतो. तो शाळेतच रुजायला हवा.

वर्गात काय करता येईल?

शालेय पाठात एवढे सगळे कसे बसवायचे, हा आक्षेप रास्त आहे. आमची मागणी लहान आहे. ‘संदेश न घटता जातो’ याऐवजी ‘भिंतीतून प्रकाश निसटत नाही, तरी काचेत, वळणांवर आणि जोडण्यांवर तो घटतो, आणि ही घट मोजता येते’ असे म्हणावे. ‘रिपीटर संदेश मोठा करतो’ याऐवजी ‘रिपीटर संदेश वाचतो आणि नव्याने लिहितो’ असे सांगावे.

आणि एक प्रयोग करावा. शोभेच्या दिव्यांत वापरतात तसा प्लॅस्टिकचा जाड तंतू मीटरभर घ्या. एका टोकाशी छोटी एलईडी विजेरी, दुसऱ्या टोकाशी गणकयंत्रातला छोटा सौरघट आणि त्याला मिलिअँपिअर किंवा मायक्रोअँपिअर दाखवणारा मल्टिमीटर जोडा. दोन्ही टोके पक्की बसवा आणि सौरघटावर काळे कापड झाका. आलेला प्रवाह लिहून ठेवा. मग तंतूच्या टोकाला खडूची भुकटी लावून पाहा. तेलकट बोट लावून पाहा. तंतू पेन्सिलीभोवती एक फेरा, दोन फेरे गुंडाळून पाहा. प्रत्येक वेळी आधीच्या आणि नंतरच्या प्रवाहांचे गुणोत्तर काढून डेसिबलमध्ये लिहा. विजेरी साधी घ्या, लेझर नको, आणि कोणत्याही तंतूच्या पेटत्या टोकात डोळा घालून पाहू नये हे विद्यार्थ्यांना आधीच बजावा. खऱ्या तंतूंतला प्रकाश तर दिसतही नाही.

या प्रयोगात आणखी एक गोष्ट करून पाहावी. सौरघटाऐवजी तंतूचे टोक पांढऱ्या कागदासमोर धरा आणि विद्यार्थ्यांना विचारा, ‘प्रकाश येतो आहे का?’ खडू लावण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा ते ‘होय’ म्हणतील. मग त्यांना मीटरची दोन्ही वाचने दाखवा. ज्या शाळांतून हा प्रयोग होईल त्यांनी आपली वाचने आम्हांला अवश्य कळवावीत. वेगवेगळ्या तंतूंची आणि वळणांची तुलना करायला ती उपयोगी पडतील.